मास्तर घरीच असतात

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी तिचं बूड एका जागी टेकत नसे म्हणून मावशीने ठेवलेलं, आणि चिकटलं ते चिकटलंच. आता तिशी जवळ आली, विद्यापीठाच्या ओळखपत्रावर चांगलं भारदस्त नाव छापून आलं, तरी घरच्यांच्या तोंडी भिंगरीच. स्वभावही फारसा बदलला नव्हता. वाचनालयात बसली तरी दर थोड्या वेळाने उठायची, पाण्याच्या नळापर्यंत जाऊन यायची, खिडकी उघडायची, पुन्हा लावायची. शेजारच्या टेबलावरचे लोक वैतागून जागा बदलत.

अशा बाईने संशोधनाला विषय कोणता घ्यावा, तर ज्यात नुसतं बसून वाचायचं असतं.

इंटरनेटवर एक साइट होती. तिथे देशोदेशीच्या माणसांचे फोटो लागत. कुणाला टपरीत माल भरायचा असे, कुणाला शेळ्या घ्यायच्या असत, कुणाला सायकल. फोटोखाली त्या माणसाची चार ओळींची हकीगत, तिथल्या पतसंस्थेने लिहून पाठवलेली. ती वाचून कुठलाही अनोळखी माणूस घरबसल्या चिमूटभर रक्कम कर्जाऊ द्यायचा. अशा चिमटी जमत गेल्या की फोटोखालची पट्टी हळूहळू हिरवी व्हायची. कर्ज फिटलं की देणाऱ्याचे पैसे परत, मग तेच पैसे पुन्हा दुसऱ्या कुणाला. देणाऱ्यांना व्याज नाही, काही नाही. मिळायचं ते एवढंच समाधान, की आपण बसल्या जागी जगात काहीतरी चांगलं घडवलं.

या देणाऱ्यांनी आपापले गट केले होते, आणि प्रत्येक गटाचं गप्पांचं एक पान होतं. भिंगरी त्याला चावडी म्हणायची. ती ज्या गटाचा अभ्यास करत होती त्याची चावडी फार जोरात चालायची. एकमेकांना कधीही न भेटलेली ही माणसं एकमेकांची दुखणीखुपणी विचारत, कर्ज कुणाला द्यावं यावर तावातावाने भांडत आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशी सुप्रभात म्हणत. गटाचा म्होरक्या स्वतःला 'जुना खलाशी' म्हणवून घ्यायचा. उभी हयात जहाजावर काढलेला, आता कुठल्याशा बंदराच्या गावात एकटा राहणारा. त्याच्या खालोखाल वजन होतं ते 'हिशेबनीस' बाईंचं. त्या एका कारखान्यात जमाखर्च बघायच्या आणि प्रत्येक फोटोखाली पहिली शंका त्यांचीच असायची.

भिंगरीने पहिल्याच दिवशी चावडीवर लिहून ठेवलं होतं, की मी संशोधक आहे, तुमचं बोलणं अभ्यासासाठी वाचणार आहे, चालेल ना? दोनचार जणांनी होकाराचे अंगठे वर केले. त्यावर इतकं काही लिहिलं गेलं, की ती सूचना कुठल्या कुठे गाडली गेली. पुढे ती सगळे विसरले. खरं म्हणजे भिंगरीसुद्धा.

तिच्या गाईड मॅडमनी मात्र बजावून ठेवलं होतं. "तू काचेच्या पलीकडे आहेस. बघायचं, टिपायचं. काचेवर टकटक करायची नाही."

एका दुपारी तिने वाचनालयात लॅपटॉप उघडला, तर चावडीवर नवा फोटो आलेला. पायमशीनपुढे बसलेली एक बाई. चष्मा कपाळावर ढकललेला, मांडीवर निळ्या गणवेशांचा ढीग, आणि चेहऱ्यावर फोटो काढताना माणसं आणतात तसा उगाच गंभीर भाव.

ती मावशी होती. भिंगरीची सख्खी मावशी, तिला भिंगरी म्हणणारी.

तिने खालची हकीगत वाचली. मग पुन्हा वाचली. 'नवऱ्याचा आधार नाही. शाळेचे गणवेश शिवून ही बाई एकहाती संसार ओढते. कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक मशीन मिळालं तर तिच्या कष्टांना बळ येईल.'

आता मावशीचा नवरा, म्हणजे भिंगरीचे काका, चांगले ठणठणीत होते. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी घरातच टेबल मांडलं. माप घ्यायचं, कापड बेतायचं, कापायचं, सगळं त्यांच्याकडे, आणि शिवण मावशीकडे. फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर अर्धवट दिसत होतं. ते कोपर कुणाचं हे भिंगरीने लगेच ओळखलं.

चावडी तोवर पेटली होती. 'बिचारी विधवा आहे,' कुणीतरी लिहिलं. फोटोखाली तो शब्द कुठेच नव्हता, पण एकदा एकाने लिहिल्यावर पुढच्या सगळ्यांनी तोच धरला. हिशेबनीस बाईंनी विचारलं, 'मुलं किती? पतसंस्था व्याज किती लावते?' त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. मग खलाशी आला. 'माझी बायको जाऊन बरेच दिवस झाले,' त्याने लिहिलं, 'पण अजून दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. या बाईंना माझ्याकडून.' त्यानंतर पट्टी अशी सरसर हिरवी होत गेली, की भिंगरीला बघवेना. ती उठली, नळापर्यंत गेली, पाणी न पिताच परत आली. कर्ज पूर्ण भरलं होतं.

तिने मॅडमचं दार गाठलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"अगं, हे तर घबाड आहे. हकीगत कशी तयार होते ते तुला आतून दिसतंय."

"मॅडम, पण ते खोटं आहे. काका जिवंत आहेत."

"ते असू दे ना. गटाला ते खोटं कसं भावतंय, ते टिप. फक्त मध्ये पडू नकोस. पडलीस तर सगळा अभ्यास नासेल."

"आणि काकांना कळलं तर?"

"तो तुमच्या घरातला प्रश्न आहे," त्या म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी भिंगरी बसने मावशीकडे गेली. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत अर्धी जागा कटिंगच्या टेबलाने खाल्लेली, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, कोपऱ्यात पायमशीन आणि त्याच्या शेजारी कोरं करकरीत ओव्हरलॉक. म्हणजे पैसे आधीच मिळाले होते. पतसंस्था कर्ज आधी देते, फोटो मागाहून चढवते आणि साइटवर जमलेल्या पैशांतून आपली भरपाई करून घेते, हे भिंगरीला अभ्यासातून ठाऊक होतं. चावडीवरच्या लोकांना बहुधा नव्हतं.

"या संशोधनसम्राज्ञी," काका म्हणाले. हातातली कात्री चालूच होती. "बघितलंस का नवं यंत्र? तुझी मावशी माझ्याकडे ढुंकून बघत नाही आता. त्याच्याशीच बोलते."

"बोलले तर ते ऐकतं तरी," मावशी म्हणाली.

चहा झाला. मावशी खुशीत होती. पतसंस्थेची मुलगी कशी आली, फोटो कसा काढला, सगळं रंगवून सांगत होती. "यांना म्हणाली, काका जरा बाजूला सरका, उजेड अडतोय. हे सरकले. मग म्हणाली, अजून थोडं. करता करता हे पार दारात."

"माझा उजेडच तेवढा पडतो," काका म्हणाले आणि स्वतःच हसले. मग भिंगरीकडे वळले. "तू याच कर्जवाल्या लोकांचा अभ्यास करतेस ना गं? तिथे मावशीचा फोटो लागणार आहे म्हणे. दाखव की."

"अजून लागला नाही," भिंगरी पटकन म्हणाली. "आणि इथे नेटही नीट चालत नाही."

काकांनी मान डोलावली आणि ते पुन्हा कापडावर वाकले.

मावशी कपबशा घेऊन आत गेली तशी ती मागोमाग गेली आणि हलक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. मावशी आधी फिसकन हसली. मग तिने नळ बंद केला.

"आधार नाही, असं मी कशाला म्हणेन? तिने विचारलं, नवरा कामाला जातो का? म्हटलं, नाही, घरीच असतात. झालं. एवढंच बोलले मी."

"त्याचं तिने हे केलं."

"पोरगी घाईत होती गं. तिला अजून चार घरं करायची होती." मावशीने हात पुसले. "जाऊ दे. मशीन आलं ना? यांना काही सांगू नकोस. कारखाना सुटल्यापासून हे फार हळवे झालेत. वरवर विनोद करतात तेवढंच."

भिंगरीने कबूल केलं. परतीच्या बसमध्ये तिने तीनदा जागा बदलली.

चावडीवर गोष्ट तिथेच थांबली असती तर निभावलं असतं. पण खलाशाच्या मनाने घेतलं, की या बाईसाठी आपण नुसते पैसे देऊन गप्प बसायचं नाही. त्याने सगळ्यांना सुचवलं, तिच्या गेलेल्या नवऱ्यासाठी दोन दोन ओळी लिहा, पतसंस्थेच्या मार्फत तिला पोचवू. लोकांनी लिहायला सुरुवात केली. कुणी शांती मागितली, कुणी लिहिलं की ते वरून बघत असतील आणि त्यांना तुमचा अभिमान वाटत असेल. एका शिक्षिकेने आपल्या वर्गातल्या मुलांकडून फुलांचं चित्र काढून घेतलं. खलाशाने स्वतः एक लांबलचक पत्र लिहिलं, माणूस गेल्यावर घरातले आवाज कसे बदलतात त्याबद्दल. ते इतकं खरं होतं, की भिंगरी ते वाचून रडली आणि त्याच वेळी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे सगळं कागदावर छापून एक दिवस काकांच्या टेबलावर येणार होतं.

दोन दिवस ती लिहायची आणि खोडायची. खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायची. भात लावायची आणि विसरायची. रूममेट म्हणाली, "एक तर बस, नाहीतर बाहेर तरी जा. मला गरगरायला लागलंय." शेवटी भिंगरीने उभ्या उभ्याच, लॅपटॉप कपाटावर ठेवून लिहिलं. 'या बाई माझ्या मावशी आहेत. त्यांचे यजमान हयात आहेत. त्या जो गणवेश शिवतात तो ते कापतात. आधार नाही, हे चुकीचं लिहिलं गेलं आहे. कृपया पत्रं पाठवू नका. मी या गटाची संशोधक.' आणि बटण दाबलं.

मग गदारोळ उठला. काहींनी साइटला शिव्या घातल्या, काहींनी पतसंस्थेला. भिंगरीने ते गृहीतच धरलं होतं. तिने धरलं नव्हतं ते पुढचं. हिशेबनीस बाईंनी लिहिलं, 'एक मिनिट. संशोधक म्हणजे? तुम्ही आमचा अभ्यास करता? केव्हापासून?' आणि मग सगळा ओघ तिच्याकडे वळला. माझ्या आजारपणाचंही टिपून ठेवलंय का? आमच्या भांडणांचं काय करणार आहात? तिने आपली जुनी सूचना शोधून पुन्हा टाकली, लोकांचे अंगठेसुद्धा दाखवले. त्याने आगीत तेलच पडलं. खलाशाने सगळ्यात शेवटी लिहिलं, तेही थोडकं. 'दोन कपांची गोष्ट मी तुमच्या प्रबंधासाठी सांगितली नव्हती.' त्यानंतर त्याची सुप्रभात यायची बंद झाली.

साइटने मावशीचं पान उतरवलं आणि देणाऱ्यांचे पैसे परत केले. पतसंस्थेला जाब विचारला. पतसंस्थेने त्या मुलीला कामावरून तात्पुरतं थांबवलं, आणि ती मुलगी रडत मावशीच्या दारात आली. दार काकांनी उघडलं.

फोनवर आधी मावशी होती. "तुला सांगितलं होतं ना, जाऊ दे म्हणून? कोणी बोलावलं होतं तुला मध्ये?"

"ते काकांना श्रद्धांजली पाठवणार होते मावशी."

"आली असती तर मी फाडून टाकली असती. तुझं शिक्षण आम्हाला भोवलं." मग फोन कुणीतरी काढून घेतल्याचा आवाज आला.

"भिंगरे," काका म्हणाले. आवाजात विनोद नव्हता. "मी मेलो होतो म्हणे. लोकांनी काय काय लिहिलंय ते घेऊन ये."

ती गेली. टेबलावर कापड नव्हतं. काका स्टुलावर बसले होते, मावशी मशीनकडे तोंड करून, पाठमोरी. भिंगरीने एकेक वाचायला सुरुवात केली आणि त्यांच्या बोलीत उतरवून सांगत गेली. शांतीचं वाचलं, अभिमानाचं वाचलं. काका मध्येच हं म्हणायचे. खलाशाचं पत्र आलं तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

"या माणसाला त्रास झाला असेल आपल्यामुळे," ते म्हणाले.

"त्यांनी बोलणं सोडलंय."

काका मापाची पट्टी बोटांत फिरवत राहिले. मग मावशीच्या पाठीकडे बघून म्हणाले, "मला त्यांनी मारलं त्याचं काही वाटत नाही. ते कुठले कोण. पण तू काय म्हणालीस? घरीच असतात?"

मावशी वळली. "मग काय म्हणायचं होतं? असताच ना घरी?"

"घरी असतो आणि घरीच असतो यात फरक आहे."

"तिने विचारलं कामाला जातात का. तुम्ही जाता का?"

"काम इथे येतं," काका म्हणाले, आणि टेबलावर हात आपटला. फार जोरात नाही, पण खडूचा डबा उलटला. "अख्खा दिवस मी या टेबलाला उभा असतो. पाय सुजतात. ते तुला दिसतं, मग तोंडातून का येत नाही?"

मावशीने चष्मा कपाळावर ढकलला. तिचे डोळे भरले होते, पण ती रागातही होती. "माझ्या तोंडातून बरंच काही येत नाही," ती अखेर म्हणाली. "हे मशीन मी माझ्या नावावर का आणलं? कारण तुम्ही कर्जाला हातच लावायला तयार नव्हता. अर्ज माझा, हप्ता माझा, सही माझी. आणि आता म्हणे मी नीट सांगितलं नाही."

भिंगरी मध्ये उभी होती. दोघांपैकी कुणाकडे बघावं ते तिला कळेना. काकांनी वाकून खडू गोळा केले. मावशीने एक खडू पायाने त्यांच्याकडे सरकवला. भांडण तिथे मिटलं असं नाही, पण त्या दिवसापुरतं ते खाली बसलं.

दुसऱ्या दिवशी दोघंही पतसंस्थेच्या कचेरीत गेली. भिंगरी बरोबर होती. काकांनी तिथल्या साहेबांना सांगितलं, की मुलीने खोटं लिहिलं नाही, ऐकलं तेवढ्यावर ती वाहवत गेली. तुमचा प्रश्नच चुकीचा आहे. नवरा कामाला जातो का, असं विचारू नका. घरात कोण काय काम करतं, असं विचारा. साहेबांनी हो हो केलं. मुलीला कामावर परत घेतलं, पण लांबच्या भागात टाकलं. ती जाताना मावशीला भेटून गेली, भिंगरीशी मात्र एक अक्षर बोलली नाही. प्रश्न बदलला की नाही, ते पुढे कुणाला कळलं नाही.

मावशीचं पान नव्याने चढवायचं होतं. या वेळी फोटोत दोघं होती आणि हकीगतही खरी होती. त्या पानाला कुणी पटकन हात लावेना. पट्टी थोडी हिरवी व्हायची आणि अडकायची. भिंगरी दिवसातून दहा वेळा ते पान उघडायची, जणू तिच्या बघण्याने पट्टी सरकणार होती. शेवटी पैसे जमायची मुदत संपायला आली तेव्हा हिशेबनीस बाईंनी उरलेली सगळी रक्कम एकटीने भरली. खाली लिहिलं, 'मुलं किती ते आता तरी कळलं. व्याज जास्त आहे, पतसंस्थेने कमी करावं.'

गाईड मॅडमनी तिला बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत, तेच भिंगरीला जड गेलं. "आता प्रत्येकाची परवानगी नव्याने घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "जे नाही म्हणतील त्यांचा प्रत्येक शब्द काढून टाकायचा. आणि तू काय केलंस, ते प्रबंधात लिहावं लागेल. तुझ्या तोंडाने. काच फुटली ती फुटली."

तिने एकेकाला पत्र लिहिलं. निम्म्याहून जास्त लोकांनी नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही. दोन वर्षांत जमवलेलं ती एका आठवड्यात पुसत बसली. पुसताना तिला प्रत्येकाचा आवाज ऐकू यायचा आणि हात थबकायचा. पण तिने सगळं पुसलं. काकांनीही खलाशाला दोन ओळी पाठवायला सांगितल्या होत्या, त्या तिने त्याच्या भाषेत उतरवल्या. 'तुमचं पत्र मला मिळालं. ते माझ्यासाठी नव्हतं, पण मी जपून ठेवलंय. तुमच्या घरात आता कुठले आवाज येतात?'

खलाशाचं उत्तर यायला बराच काळ गेला. तेही काकांना नव्हतं, भिंगरीला होतं. त्याने लिहिलं होतं, 'माझं लिहिलेलं काही वापरायचं नाही. विचारायचं असेल तर समोर बसून विचारा.'

तिने ठरल्या दिवशी सकाळी फोन लावला. पडद्यावर एक म्हातारा आला, दाढी नीट कोरलेली, मागे खिडकी आणि खिडकीत बोटींच्या डोलकाठ्या. भिंगरीने टेबलावरची वही उचलून खाली जमिनीवर ठेवली, त्याला दिसेल अशी.

"काय लिहिणार होतात माझ्याबद्दल?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "लोक अनोळखी माणसाला का देतात, हे शोधत होते."

"मिळालं?"

"नाही."

तो हसला नाही, पण खुर्चीत जरा रेलला. मग बायकोबद्दल बोलायला लागला. ती कशी भांडायची, तो बोटीवरून आला की पहिला दिवस कशी बोलायचीच नाही. मध्येच विचारायचा, तुमच्या काकांना आता बरं वाटतं का? मावशी अजून रागावली आहे का? भिंगरीने खरं ते सांगितलं, की मावशी फोन उचलते पण लवकर ठेवते, आणि काका आता गिऱ्हाइकांना दारातच सांगतात की कटिंग माझं आहे. फोन संपला तेव्हा तिला जाणवलं, की इतका वेळ ती जागची हलली नव्हती आणि पाय पार बधिर झाले होते. ती उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, चप्पल घातली आणि बाहेर पडली. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. रस्त्यावर दुकानांची शटर वर जात होती. चालता चालता तिने मावशीला फोन लावला आणि तो उचलला जाईपर्यंत चालत राहिली.